एकदाच ठरलेली किंमत

२०१२ साली अमेरिकेत एका जुन्या चेकचा लिलाव झाला आणि त्याला १ लाख ६० हजार डॉलर मिळाले. चेक होता ४१२ डॉलरचा, तारीख १ मार्च १९३८. डिटेक्टिव्ह कॉमिक्स या प्रकाशनाने तो जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांच्या नावे काढला होता, आणि दोघांचीही आडनावे त्यावर चुकीची लिहिलेली होती. त्या ४१२ डॉलरपैकी १३० डॉलर सुपरमॅनचे. तेरा पानांची गोष्ट, पानाला दहा डॉलर. बाकीचे पैसे त्यांनी पुरवलेल्या इतर चित्रकथांचे. ती तेरा पाने ज्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात छापली गेली, त्याची छापील किंमत दहा सेंट होती. त्याच अंकाची एक जपून ठेवलेली प्रत २०२४ साली ६० लाख डॉलरना विकली गेली.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट आपोआप तयार होते: दोन भाबडी पोरे, एक धूर्त प्रकाशक, १३० डॉलरमध्ये हडपलेला खजिना. गेली पन्नास वर्षे ती याच पद्धतीने सांगितली जाते. तिच्यात खलनायक आहे, म्हणून ती ऐकायला सोपी जाते. मला मात्र ती चुकीच्या जागी बोट ठेवणारी वाटते. १९३८च्या मार्चमध्ये १३० डॉलर ही कमी किंमत नव्हती. सुपरमॅनची कल्पना घेऊन सीगल आणि शूस्टर काही वर्षे वृत्तपत्रांना चित्रपट्ट्या पुरवणाऱ्या संस्थांचे उंबरठे झिजवत होते आणि सगळीकडून नकार येत होता. पानाला दहा डॉलर हा तेव्हाचा चालू दर होता. प्रकाशकालाही आपल्या हाती काय लागले आहे याचा पत्ता नव्हता. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर मोटार डोक्यावर उचललेला सुपरमॅन झळकला खरा, पण पुढचे पाच अंक मुखपृष्ठावर दुसरेच कोणीतरी होते. सातव्या अंकात तो परत आला, तोपर्यंत विक्रीने प्रकाशकाला जागे केले होते. शिवाय या दोघांना त्यानंतर गोष्टी पुरवण्याचे काम मिळाले आणि काही वर्षे त्यांची कमाई चांगली होती. ते लुबाडले गेले म्हणायचे, तर त्या दिवशी त्यांना लुबाडणाऱ्यालाही लुटीची किंमत माहीत नव्हती असे म्हणावे लागेल.

अन्याय झाला, यात मला शंका नाही. पण तो रकमेत नव्हता, अटीत होता. एका लहानशा कागदावर त्यांनी पात्र, कथा आणि शीर्षक यांचे सगळे हक्क कायमसाठी लिहून दिले. कोणालाच किंमत माहीत नसलेल्या दिवशी जी किंमत ठरली, तीच पुढे सर्व काळासाठी खरी मानायची असे त्या कागदाने ठरवले, आणि कायद्याने त्याला मान डोलावली. चित्रकथांच्या हक्कांवरून अमेरिकेत पुढे जे खटले झाले, ते मुळात या एकाच गोष्टीवर झाले आहेत. हक्क कोणाचा, हा त्यांतला वरवरचा प्रश्न. किंमत पुन्हा ठरवता येते की नाही, हा खरा.

पहिला खटला १९४७ सालचा. दोघे तेव्हा तिशीत होते. मधल्या काळात सीगलने सुपरबॉयची कल्पना प्रकाशकाला सुचवली होती, ती नाकारली गेली होती, आणि तो लष्करी सेवेत असताना त्याला न विचारता सुपरबॉय छापला गेला. न्यायालयाने नेमलेल्या पंचाने दोन निष्कर्ष काढले: सुपरमॅन रीतसर विकला गेला आहे, सुपरबॉय मात्र सीगलचा आहे. म्हणजे हातात एक पत्ता होता. पण खटल्याचा खर्च चढत होता, कामे बंद झाली होती. १९४८ साली दोघांनी ९४ हजार डॉलर घेऊन दोन्ही पात्रांवर पाणी सोडले. सुपरमॅनच्या गोष्टींवरून त्यांची नावे निघाली. १९५९पासून काही वर्षे सीगल त्याच प्रकाशकाकडे परत येऊन सुपरमॅनच्या गोष्टी लिहीत होता, पानाच्या दराने आणि नावाशिवाय. साठीच्या दशकात त्याने पुन्हा न्यायालय गाठले तेव्हा मुद्दा कॉपीराइटच्या नूतनीकरणाचा होता. अमेरिकेत तेव्हा कॉपीराइट अठ्ठावीस वर्षांनी नव्याने नोंदवावा लागे. ही दुसरी पाळी तरी आमची, असे त्याचे म्हणणे. १९७४ साली अपील न्यायालयाने सांगितले की १९३८च्या कागदात तीही विकली गेली आहे.

पुढच्याच वर्षी सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार असल्याची बातमी आली. सीगल लॉस एंजेलिसमध्ये एका सरकारी कचेरीत टंकलेखक कारकून होता. शूस्टरची दृष्टी जवळपास गेली होती आणि तो न्यूयॉर्कमध्ये भावाकडे राहत होता. सीगलने वृत्तपत्रांना एक लांबलचक पत्रक पाठवले, त्यात चित्रपटाला शाप दिला होता. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी प्रकरण हाती घेतले, दूरचित्रवाणीवर आणले, व्यंगचित्रकारांच्या संघटनेला उभे केले. डिसेंबर १९७५मध्ये सुपरमॅनच्या प्रकाशनाची मालक कंपनी वॉर्नर कम्युनिकेशन्सने दोघांना वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर, आजारपणाचा खर्च आणि सुपरमॅनखाली नाव छापण्याचे कबूल केले. या प्रसंगाचे वर्णन बहुतेक लोक सुखान्त म्हणून करतात. मला त्यात कायद्याचा पराभव दिसतो. कंपनीवर एका पैशाचेही कायदेशीर बंधन नव्हते. तिला चित्रपटाआधी बदनामी परवडत नव्हती, एवढेच. ज्या लेखक-चित्रकारांच्या पात्रावर चित्रपट निघत नाही, किंवा ज्यांचे मित्र दूरचित्रवाणीवर पोहोचत नाहीत, त्यांच्यासाठी या मार्गात काहीही नाही.

गंमत म्हणजे नेमके याच सुमारास अमेरिकी काँग्रेसला हा दोष दिसला होता. १९७६च्या कॉपीराइट कायद्याने जुन्या करारांपुरती एक विलक्षण तरतूद केली. कॉपीराइट सुरू झाल्यापासून छप्पन्न वर्षांनी लेखकाला किंवा त्याच्या वारसांना, आगाऊ नोटीस देऊन, विकलेला हक्क परत घेता येईल, आणि मूळ करारात काहीही लिहिले असले तरी घेता येईल. कारण देताना काँग्रेसच्या अहवालाने साधी गोष्ट मांडली होती: सौदा होताना लेखकाची बाजू दुबळी असते, आणि त्याचे एक कारण असे की कृती बाजारात चालेपर्यंत तिची किंमत कोणालाच ठरवता येत नाही. कॉपीराइटच्या कोरड्या इतिहासात इतके शहाणपणाचे वाक्य मला दुसरे आढळलेले नाही.

सुपरमॅनची छप्पन्न वर्षे १९९४ साली भरली. शूस्टर १९९२मध्ये गेला होता, सीगल १९९६मध्ये गेला. सीगलची पत्नी जोॲन आणि मुलगी लॉरा यांनी १९९७ साली नोटीस दिली. जोॲन तरुणपणी शूस्टरसमोर मॉडेल म्हणून बसली होती आणि सुपरमॅनची नायिका लोइस लेन हिचा चेहरा तिच्यावरून घडला होता. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीश स्टीफन लार्सन यांनी निकाल दिला की ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकातल्या सुपरमॅनचा सीगलकडचा वाटा, अमेरिकेपुरता, कुटुंबाकडे परत आला आहे. सत्तर वर्षांनी का होईना, कागदावरचा 'कायम' शब्द खोडला गेला.

पाच वर्षांनी तो पुन्हा लिहिला गेला. २००१ साली कुटुंबाच्या तेव्हाच्या वकिलाने वॉर्नरला एक पत्र धाडले होते: तुमचा प्रस्ताव आम्हाला मान्य आहे. मग कंपनीकडून आलेल्या सविस्तर मसुद्यातल्या अटी वाचून जोॲन संतापली, बोलणी मोडली, सही कधीच झाली नाही. जानेवारी २०१३मध्ये अपील न्यायालयाने ठरवले की ते पत्र म्हणजेच पक्का करार होता, त्यामुळे परत घेतलेला हक्क पुन्हा कंपनीकडे गेला. जोॲन त्याआधीच वारली होती. शूस्टरच्या कुटुंबाचे आणखी विदारक. १९९२ साली त्याच्या बहीण-भावाने त्याची कर्जे फेडण्यासाठी आणि वर्षाला २५ हजार डॉलरच्या पेन्शनसाठी एका पानाच्या करारावर सही केली होती. न्यायालय म्हणाले, त्या पानाने जुना करार संपून नवा सुरू झाला, आणि परत घेण्याची सोय तर जुन्या करारांपुरतीच आहे. म्हणजे मूळ करारात काहीही लिहिलेले असले तरी, असे ज्या कायद्याने बजावून सांगितले, तो पुढच्या एका पानापुढे निष्प्रभ ठरला. ज्या माणसाला उसंत नाही, पैशाची नड आहे, त्याने नडीपोटी सही करू नये म्हणून तर ही तरतूद होती.

चित्रकार जॅक कर्बीची कथा वेगळी आहे आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. सीगल-शूस्टरच्या बाबतीत निदान एवढे तरी सर्वांना मान्य होते की पात्र त्यांनी निर्माण केले आणि नंतर विकले. कर्बीच्या बाबतीत कायद्याने असे म्हटले की त्याने काही निर्माण केलेच नाही.

फँटास्टिक फोर, हल्क, थॉर, एक्स-मेन, ॲव्हेंजर्स. साठीच्या दशकात मार्व्हल या प्रकाशनाने जे उभे केले त्याचा फार मोठा भाग कर्बीच्या पेन्सिलीतून आला. मार्व्हलची कामाची पद्धतही विशेष होती. लेखक-संपादक स्टॅन ली आणि चित्रकार यांच्यात कथानकाबद्दल थोडे बोलणे व्हायचे, कधी ते दोन-चार ओळींचेच असायचे. मग चित्रकार अख्खी वीस पाने रचून काढायचा: प्रसंग, वेग, नवी पात्रे, शेवट. संवाद ली नंतर फुग्यांत भरायचा. कर्बी नोकर नव्हता. घराच्या तळघरात काम करायचा, कागद स्वतःचा, पेन्सिली स्वतःच्या. पगार नाही, विमा नाही. पान पसंत पडले तर पैसे, नाही पडले तर मेहनत वाया. लेखी करारही त्या वर्षांत नव्हता.

ऑगस्ट २००९मध्ये डिस्नेने मार्व्हल ४ अब्ज डॉलरना घेत असल्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात कर्बीच्या चार मुलांनी हक्क परत घेण्याच्या पंचेचाळीस नोटिसा पाठवल्या. मार्व्हलचे उत्तर एका कायदेशीर संकल्पनेवर उभे होते, तिला तिकडे 'वर्क फॉर हायर' म्हणतात. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आणि दुसऱ्याच्या खर्चाने केलेल्या कामाचा लेखक कायद्याच्या नजरेत ते काम सांगणाराच असतो. आणि लेखकच तो असल्यामुळे परत घ्यायला काही उरत नाही. सांगणे कोणाचे होते? कर्बी १९९४मध्येच वारला होता. सत्त्याऐंशी वर्षांच्या स्टॅन लीने मार्व्हलच्या बाजूने साक्ष दिली. कर्बीच्या बाजूचे अभ्यासक प्रत्यक्ष तिथे हजर नव्हते म्हणून त्यांचे म्हणणे न्यायालयाने वगळले. खर्च कोणाचा होता? न्यायालय म्हणाले, पानाचे पैसे मार्व्हल देत होती आणि पुस्तक पडले तर तोटा तिचा होता, मग खर्च तिचाच. २०११ साली कर्बी कुटुंब हरले, २०१३ साली अपिलातही हरले.

नाकारलेल्या पानाचा तोटा मात्र कर्बीचा होता. न्यायालयाच्या हिशेबात तो कुठे बसला नाही. ही संकल्पना मुळात नोकरदारासाठी होती: महिन्याचा पगार, कार्यालयाचे टेबल, नुकसान मालकाचे. त्याबदल्यात कृती मालकाची. हा सौदा मी समजू शकतो. पण नोकरीचे सगळे तोटे कलावंताच्या अंगावर टाकायचे आणि मालकीचा सगळा फायदा आपल्याकडे ठेवायचा, यासाठी ती वापरली जाते तेव्हा ती कायदेशीर युक्तीच राहते. मार्व्हलला स्वतःलाही तिच्यावर पुरता विश्वास नसावा. पुढे चेकच्या मागच्या बाजूला हक्कसोडीचा मजकूर छापलेला असायचा. चेक वटवायचा तर त्याखाली सही. जे आपलेच आहे त्याची हक्कसोड कोण लिहून घेतो? ऐंशीच्या दशकात कर्बीने स्वतःची मूळ चित्रे परत मागितली तेव्हा बाकीच्या चित्रकारांना एका पानाची हमी पुरली, कर्बीपुढे चार पानांची ठेवली गेली. काही वर्षांच्या ओढाताणीनंतर दहा हजारांहून अधिक पानांपैकी दोनेक हजार त्याच्या हाती आली.

सप्टेंबर २०१४मध्ये, सर्वोच्च न्यायालय हे प्रकरण घ्यायचे की नाही हे ठरवणार त्याच्या तीन दिवस आधी, मार्व्हलने कर्बी कुटुंबाशी तडजोड केली. रक्कम गुप्त राहिली. दोन वेळा जिंकलेली कंपनी तिसऱ्या वेळी खेळायला तयार नव्हती, हे पुरेसे बोलके आहे. स्पायडरमॅनचा सहनिर्माता स्टीव्ह डिटको याच्या वारसांशीही पुढे २०२३ साली अशीच तडजोड झाली. त्यामुळे तत्त्वाचा निकाल आजही लागलेला नाही. प्रत्येक कुटुंबाचे तोंड वेगवेगळ्या रकमेने बंद होते आणि कायदा जिथल्या तिथे राहतो.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग पात्रे निर्मात्यांना किंवा त्यांच्या वारसांना देऊन टाका. मला ते पटत नाही.

सुपरमॅनच घ्या. १९३८च्या तेरा पानांतला सुपरमॅन उडत नाही, उंच उड्या मारतो. क्रिप्टोनाइट आणि तरुण बातमीदार जिमी ऑल्सन ही आकाशवाणीवरच्या मालिकेची देणगी. उड्डाण आणि लेक्स लूथरची आजची ओळख अनेक हातांनी घडवली. आज आपण ज्याला सुपरमॅन म्हणतो तो शेकडो लेखक, चित्रकार, नट, संपादक यांच्या कामाची बेरीज आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना पानाच्या किंवा दिवसाच्या दरापलीकडे काही मिळालेले नाही. सगळी मालकी दोन कुटुंबांना दिली तर या बाकीच्यांचे काय? कंपनीने ऐंशी वर्षे छपाई, वितरण, पडलेले चित्रपट यांचा भार उचलला, तोही नाकारता येत नाही.

आणि निर्माते काही संत नसतात. बॅटमॅनवर पंच्याहत्तर वर्षे एकच नाव होते, बॉब केन. १९३९ साली केनने करार करताना ते नाव एकट्यासाठी राखून घेतले. बॅटमॅनचा टोकदार टोप, काळा-करडा वेश, गॉथम, सुरुवातीच्या कितीतरी गोष्टी बिल फिंगरच्या होत्या. फिंगर १९७४ साली जवळपास अज्ञात वारला. त्याचे नाव चित्रपटांवर आणि अंकांवर यायला २०१५ साल उजाडले, तेही एका चिकाटीच्या लेखकाच्या शोधामुळे आणि नातीच्या आग्रहामुळे. इथे लुबाडणारा प्रकाशक नव्हता, सहकारी होता. टॉड मॅक्फार्लेन तर १९९२ साली मार्व्हल सोडून गेलेल्या बंडखोर चित्रकारांपैकी एक. आपले पात्र आपलेच, या घोषणेवर त्यांनी इमेज कॉमिक्स काढली. काही वर्षांनी लेखक नील गेमनने त्याच्यासाठी लिहिलेल्या अँजेला आणि इतर दोन पात्रांत वाटा मागितला तेव्हा मॅक्फार्लेनने जे युक्तिवाद केले, ते मार्व्हलच्या वकिलांना शोभले असते. २००४ साली न्यायमूर्ती पोझ्नर यांनी गेमनला सहनिर्माता ठरवले. जपानमध्ये 'कँडी कँडी' या गाजलेल्या मालिकेच्या लेखिका आणि चित्रकार एकमेकींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. २००१ साली निकाल लेखिकेच्या बाजूने लागला, आणि दोघींत समेट नसल्याने मालिका वाचकांना वर्षानुवर्षे दुर्मीळ झाली. मालकी कोणाच्याही हातात पूर्ण दिली की त्या हाताची लवकरच मूठ वळते.

म्हणून माझे म्हणणे मालकीबद्दल नाही, वाट्याबद्दल आहे. आणि तो वाटा असा हवा की तो सही करूनही सोडता येऊ नये.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: घर विकले, नंतर भाव दसपट झाला, म्हणून जुना मालक हिस्सा मागायला येत नाही. बरोबर. पण घराचा बाजारभाव विकण्याच्या दिवशी शेजाऱ्यांना विचारून कळतो. पात्राचा कळत नाही. शिवाय घराचा मालक बदलल्याने कायदा असे म्हणत नाही की ते बांधले दुसऱ्यानेच. आणखी एक आक्षेप असा की वाटा देत बसले तर धंदाच बुडेल. त्याचे उत्तर कंपन्यांनीच देऊन ठेवले आहे. जिम स्टार्लिन याने सत्तरीच्या दशकात मार्व्हलसाठी थॅनॉस निर्माण केला आणि नंतर सुपरमॅन छापणाऱ्या डीसीसाठी केजीबीस्ट नावाचा एक दुय्यम खलनायक. २०१७ साली त्याने जाहीरपणे सांगितले की एका चित्रपटात केजीबीस्ट ओझरता वापरल्याबद्दल डीसीने दिलेला चेक हा थॅनॉस, गमोरा आणि ड्रॅक्स या तिघांबद्दल मार्व्हलकडून मिळालेल्या एकूण पैशापेक्षा मोठा होता. डीसीकडे निर्मात्याला वाटा देण्याची पद्धत बरीच वर्षे आहे, आणि डीसी बुडालेली नाही. मार्व्हलच्या चित्रपटांची कमाई पाहता तीही बुडण्याच्या बेतात नव्हती. गवगवा झाल्यावर स्टार्लिनचा करार सुधारला गेला. पुन्हा तेच, बदनामीचे औषध. घोस्ट रायडरचा लेखक गॅरी फ्रीडरिक याच्या नशिबी तर उलटे आले होते. चित्रपट निघाल्यावर त्याने खटला भरला, खालच्या न्यायालयात हरला, आणि स्वतःच्या पात्राची चित्रे विकल्याबद्दल मार्व्हलला १७ हजार डॉलर द्यायची वेळ त्याच्यावर आली. २०१३ साली अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, मग तडजोड झाली.

हा अमेरिकेचा घरगुती तंटा आहे असे वाटत असेल तर एक धागा आपल्यापर्यंत येतो. १९११च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यात एक सोय होती: लेखकाने हयातीत हक्क विकले असले तरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी ते वारसांकडे परतायचे. जानेवारी २०२५मध्ये, सुपरमॅनच्या नव्या चित्रपटाच्या तोंडावर, शूस्टरच्या वारसांनी याच जुन्या सोयीच्या आधारे ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया इथले हक्क मागितले. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने एप्रिलमध्ये, हे आपल्या अधिकारकक्षेत येत नाही म्हणून, दावा काढून टाकला. तो १९११चा कायदा १९१४ साली हिंदुस्थानातही लागू झाला होता. स्वतंत्र भारताने १९५७ साली स्वतःचा कायदा केला तेव्हा पंचवीस वर्षांची ती सोय पुढे आणली नाही.

आपल्या कायद्यात काही गोष्टी मात्र अमेरिकेपेक्षा चांगल्या आहेत, आणि त्या आपल्याच चित्रकारांना माहीत नसतात. वेगळा करार नसेल तर वृत्तपत्रात किंवा मासिकात नोकरीला असलेल्या व्यंगचित्रकाराच्या कामावर मालकाचा हक्क नियतकालिकांत छापण्यापुरताच असतो. पुस्तक, चित्रपट, बाहुल्या, टी-शर्ट यांचा हक्क चित्रकाराकडे राहतो. कलम १९ प्रमाणे हक्कांचा करार लेखी हवा, त्यात मोबदला नमूद हवा. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम १९अ प्रमाणे अटी लेखकावर जाचक असतील तर पाच वर्षांनंतर करार रद्द करून मागता येतो. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यानंतरही निर्माता म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार जात नाही. फिंगरला हे कलम मिळाले असते तर.

यातली मेख 'वेगळा करार नसेल तर' या शब्दांत आहे. प्रकाशकाचे वकील वेगळा करार आणतात, आणि त्यात सर्व प्रदेश, सर्व माध्यमे, संपूर्ण मुदत असे छापलेले असते. १९९६ साली दिल्ली उच्च न्यायालयासमोर नागराज या पात्राचा खटला आला तेव्हा भांडण दोन प्रकाशकांत होते: राजा पॉकेट बुक्सचा नागराज आणि राधा पॉकेट बुक्सचा नागेश. न्यायालयाने नागेशला मनाई केली. हिरव्या अंगाच्या त्या नायकाला सुरुवातीच्या अंकांत रूप देणारे पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांना त्या मालकीत काय मिळावे, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

२०१२ साली संसदेने कॉपीराइट कायदा दुरुस्त केला आणि जगात थोड्याच देशांनी केलेली गोष्ट केली. चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीच्या आणि संगीतकृतीच्या कर्त्याला, चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी, मोबदल्याचा समान वाटा मिळालाच पाहिजे, आणि तो वाटा त्याला सही करूनही सोडता येणार नाही. वारसांना किंवा लेखकांच्या हक्कसंस्थेला तेवढा देता येतो. गीतकार-संगीतकारांनी यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला आणि जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तो लढवला. मी वर म्हटले तो न सोडता येणारा वाटा हाच. सीगल कुटुंबाच्या वकिलाच्या पत्राने किंवा शूस्टरच्या बहीण-भावाच्या सहीने जो गेला असे अमेरिकी न्यायालये म्हणाली, तो इथे जाणार नाही.

पण त्या तरतुदीत साहित्य आहे, संगीत आहे, चित्र नाही. चित्रकथेवर मालिका निघाली तर लेखकाला या तरतुदीचा आधार मागता येईल. ज्याने त्या पात्राला चेहरा दिला, त्या चित्रकाराला नाही. भारतात कर्बी झाला तर २०१२ची दुरुस्तीही त्याच्या उपयोगाची नाही. कलाकृती हा एक शब्द त्या तरतुदीत घालायला फार मोठा कायदा लागत नाही. गीतकारांनी जसे केले तसे चित्रकारांच्या आणि व्यंगचित्रकारांच्या संघटनांनी एकत्र येऊन ही मागणी संसदेपुढे न्यायला हवी, आणि तीही एखादे भारतीय पात्र शेकडो कोटींचे होण्याआधी. त्यानंतर मागायला गेले की समोर वकिलांची फौज असते.

तोवर, ज्यांच्या हातात आज पेन्सिल आहे त्यांनी एवढे करावे: करारातली मुदत आणि प्रदेश यांच्या रकान्यात काय छापले आहे ते सहीपूर्वी वाचावे, तिथे 'संपूर्ण' किंवा 'कायम' असेल तर ते खोडून वर्षांचा आकडा लिहायला सांगावे, आणि प्रकाशकाने नकार दिला तर मोबदल्याच्या ओळीत एकरकमी आकड्याशेजारी टक्केवारी मागावी.